क्रिस्तपुराण : श्रवणाचा संस्कार

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा गौरव आपण बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीसाठी करतो. तो यथार्थच आहे. परंतु १६१६ साली राशोल येथे छापलेल्या या ग्रंथाकडे धर्मशिक्षणाचा ग्रंथ म्हणून पाहिले, तर त्याचे निराळे मोठेपण ध्यानात येते. मनुष्य काय जाणतो याहून त्याला कशाची ओढ आहे, यावर त्याचे जीवन अधिक अवलंबून असते. आणि ती ओढ नित्याच्या उपासनेतून व सवयींतून घडत जाते. संत ऑगस्टिन यांनी मांडलेले हे मर्म स्टीफन्स यांनी साष्टीच्या भूमीवर अनुभवाने ओळखले होते.

ग्रंथारंभीचा प्रसंग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. चर्चमध्ये ख्रिस्ती शिकवणीचा पाठ चालू असता एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रीगुरूंना विनवितो : ही शिकवण उत्तम आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? या मागणीत फार मोठा शिक्षणविचार दडलेला आहे. शिकवण मिळत होती, उत्तरे पाठ होत होती. रिकामी झाली होती ती चार माणसांनी एकत्र बसून कथा ऐकण्याची वेळ. श्रद्धेचा आशय बदलला, तरी कानाची भूक बदलत नाही.

स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तरीही लिहिली. त्यांची कोंकणीतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाली. प्रश्नोत्तरीचे काम बुद्धीला उत्तर देण्याचे; पुराणाचे काम मनाला वळण लावण्याचे. म्हणून त्यांनी जुन्या व नव्या कराराची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत गुंफली. ओवी हा जात्यावरचा आणि पारायणाचा छंद. तो मुखी बसतो आणि काम करताना आपोआप ओठांवर येतो. वैकुंठ, मोक्ष, परमेश्वर हे ओळखीचे शब्द श्रोत्याला परके वाटत नाहीत आणि त्यांतून नवा अर्थ हळूहळू उमलतो. रविवारी व सणावारी चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होत असे. वर्षामागून वर्षे तीच कथा त्याच लयीत ऐकणे हेच त्या भाविकांचे विद्यापीठ होते.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ज्या भुकेला स्टीफन्स यांनी अन्न दिले, ती भूक सत्तेने निर्माण केलेली होती. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली आणि जुन्या ग्रंथांवर बंदी आली. ग्रंथातील परधर्मखंडनाच्या भागांत त्या काळाची कठोरता उतरली आहे. आजच्या वाचकाला ते भाग रुक्ष वाटतात आणि काव्यदृष्ट्याही ते दुबळे आहेत. पण या पुराणाचे यशच त्या कठोरतेविरुद्ध साक्ष देते. हुकुमाने देऊळ पाडता येते, अंतःकरणातील आवड घडविता येत नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली, तेव्हा हा धडा ती विसरली होती. पुराण मात्र मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत टिकले आणि १९०७ साली तेथेच त्याची नवी आवृत्ती निघाली.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे पंथाने प्रॉटेस्टंट. तरीही त्यांची वाट याच दिशेने गेली. ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचे रूप द्यावे, हा त्यांचा ध्यास होता. तीनशे वर्षांच्या अंतराने एक इंग्रज जेझुईट आणि एक कोकणी कवी एकाच निष्कर्षावर यावेत, ही योगायोगाची बाब नव्हे. कीर्तनात वाढलेला कान दुसऱ्या कोणत्या वाटेने लवकर जागा होणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) आपल्याला मराठी मिस्सा लाभली. २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात रत्नागिरीचाही समावेश झाला. व्यवस्था आहे, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत. प्रश्न घराचा आहे. जिथे सायंकाळची माळेची प्रार्थना सुटली, तिथे ती वेळ रिकामी राहिली असे समजू नये. दूरदर्शनचा संच आणि हातातील फोन यांनी तिथे आपली नित्य उपासना मांडली आहे. काय हवेसे वाटावे, कोणाचा हेवा करावा, हे ती रोज शिकवते आणि परीक्षा न घेता शिकवते. रविवारच्या एका तासाच्या वर्गाने तिच्याशी सामना कसा करावा?

‘क्रिस्तपुराण’ हा केवळ अभ्यासकांच्या कपाटातला ग्रंथ नाही, तो मोठ्याने वाचण्याचा ग्रंथ आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या देवनागरी आवृत्तीमुळे आपल्याला तो वाचता येतो. भाषा जुनी आहे, काही शब्द अडतील; पण येत्या प्रायश्चित्तकाळात रोज दहा ओव्या घरात वाचल्या, तर मुलांना आरंभी अर्थ सगळा कळला नाही तरी चालेल. लय आधी कानात बसते. अर्थ तिच्यामागून येतो आणि ओढ त्यानंतर आयुष्यभर सोबत करते.