तीन आणि चारमधलं अंतर

दौंडच्या एका गॅरेजात उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की नजर आधी दोन कार्ब्युरेटरवर जाते, मग चार नळ्यांच्या एक्झॉस्ट हेडरवर. बहुतेक जण तिथेच थांबतात. मला मात्र या इंजिनातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते ती डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून निघून चार प्लगांपर्यंत गेलेल्या चार काळ्या वायरींची मांडणी. ती सावकाश वाचावी अशी आहे.

पद्मिनी ही घरगुती गाडी. तिला स्पोर्ट्स कार कोण म्हणेल? पण तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचं घराणं पाहिलं की शंका उरत नाही. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर फियाट ११००च्या याच मापाच्या इंजिनावर चिझितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार उभी राहिली. पिनिनफारिनाने घडवलेली तिची बॉडी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाट बांधायला घेतली आणि कालांतराने तिची पद्मिनी झाली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर सुधारलेल्या फियाट वर्षानुवर्षं शर्यती धावल्या. वालचंदनगर दौंडपासून फार लांब नाही, आणि फियाटचा कारखाना शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला आला. या इंजिनावर हात चालवणाऱ्या मिस्त्रीला परकेपणा वाटण्याचं कारणच नाही.

या गाडीचं हेड शेव्ह करून कॉम्प्रेशन वाढवलं आहे आणि सी.बी. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आहे. वायरींची निवड या दोन बदलांपासून सुरू होते. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगची फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल वीस-पंचवीस हजार करते. गरज पडली तर त्याहून जास्त. दौंड जंक्शनवर रेल्वेच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारेतही २५,००० व्होल्टच असतात. तिथे ती वीज अडवायला बऱ्यापैकी मोठे इन्सुलेटर आणि मधली मोकळी हवा आहे. इथे आहे काही मिलिमीटर रबर, आणि तेही तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर गेलं की कॉइलच्या वायरीतून सेकंदाला २०० ठिणग्या जातात, प्रत्येक प्लगच्या वाट्याला ५०. वाट सोपी दिसली की वीज तिकडे वळते, आणि मग गाडी मिसिंग मारते.

बाजारात जाड, लाल-पिवळ्या वायरींचा मोह मोठा. जाडी हे आवरणाचं माप आहे. आतला गाभा काय आहे हे त्यावरून कळत नाही. गाभे मुख्यतः तीन प्रकारचे. जुनी साधी तांब्याची वायर रोध जवळजवळ शून्य ठेवते, पण प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओ लहरींचा गोंगाट पसरवते. पॉइंटच्या काळात त्याने फार तर रेडिओ खरखरायचा. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला मात्र तो गोंगाट चुकीचा इशारा देऊ शकतो. दुसरी कार्बन मुरवलेल्या धाग्याची. ती गोंगाट दाबते, पण तिचा रोध फुटाला काही हजार ओहम असतो आणि धागा ओढाताणीने आतून तुटतो. तिसरी स्पायरल, म्हणजे मजबूत धाग्याच्या गाभ्यावर बारीक तार घट्ट गुंडाळलेली. रोध कमी, आणि त्या गुंडाळण्यामुळेच गोंगाटही कमी. या गाडीत स्पायरलच आहे, ८ मिलिमीटर, वर सिलिकॉनचं आवरण. हेडरच्या धगीत साधं रबर कडक होऊन चिरतं; सिलिकॉन दोनशे अंशांच्या आसपास तग धरतं. मला ही निवड पूर्णपणे पटते. अर्थात प्रत्येक जुन्या गाडीला ती चालेल असं नाही. जुन्या एमजी-ट्रायम्फच्या काही लुकास टोप्यांत वायर आडवी शिरते आणि टोकदार स्क्रू तिच्या गाभ्यात घुसतो. तिथे तांब्याची वायरच हवी, धाग्याच्या गाभ्यात तो स्क्रू नीट पकड घेत नाही.

खरं सौंदर्य मात्र वायरी कुठून कशा नेल्या आहेत त्यात आहे.

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. तीनमध्ये ठिणगी पडते त्या क्षणी चारचा पिस्टन तळाशी असतो. सिलिंडर ताज्या मिश्रणाने भरलेला आणि दाब अजून चढायचा. दाब कमी म्हणजे ठिणगी उडायला व्होल्टेजही कमी पुरतं. अशा वेळी तीनची वायर चारच्या वायरीला चिकटून लांबवर समांतर गेली असेल, तर तीनमधल्या झटक्याने चारच्या वायरीत वीज उमटते आणि चारमध्ये अवेळी ठिणगी पडू शकते. वर यायला निघालेल्या पिस्टनच्या तोंडावर जाळ. दोन आणि एकचं नातंही नेमकं असंच. दुर्दैव असं की तीन-चार आणि एक-दोन हे इंजिनावर सख्खे शेजारी. वायरी एका रांगेत नीटनेटक्या बांधायच्या म्हटलं की हेच जोड शेजारी येतात. गाडी नव्या वायरी टाकूनही धडधडते, आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो.

इथे मिस्त्रीने दोन आणि तीनची वायर एका क्लिपमध्ये घेतली आहे, तर एक आणि चार व्हॉल्व्ह कव्हरवरून बरोबर येतात आणि मग एक पुढे, एक मागे वळते. पहिल्यांदा पाहताना हे उलटसुलट वाटतं. थोडा विचार केला की उलगडतं. एकमध्ये ठिणगी पडते तेव्हा चारचा पिस्टनही वरच असतो, पण तिथे धूर बाहेर पडत संपलेला असतो आणि नवं मिश्रण नुकतं आत यायला लागलेलं. तिथे चुकून ठिणगी उडालीच तरी जाळायला फारसं काही नाही. दोन आणि तीनचंही तसंच. पुढे कित्येक गाड्यांत एकच कॉइल एक आणि चारला एकदम ठिणगी देऊ लागली, ती याच आधारावर. म्हणजे ज्यांचं एकमेकांमुळे बिघडत नाही त्यांना त्याने जवळ ठेवलं आणि तीन-चारला दूर केलं. तीन आणि चारच्या वायरी एकाच ठिकाणी एकमेकींवरून जातात, आणि तिथे काटकोनात. मी याला कारागिरीतलं वाचन म्हणेन: इंजिनाचा क्रम डोक्यात ठेवून हाताने केलेलं.

कॉइल गाडीच्या अंगावर आहे, इंजिनावर नाही. रबर माउंटिंगवर इंजिन हलतं, म्हणून कॉइलच्या वायरीला थोडा ढील सोडला आहे. बाकी चारही वायरींची दोन्ही टोकं इंजिनावरच, तेव्हा त्यांना ढील नाही आणि लोंबणंही नाही.

टोकांचं काम बूट सरकवल्याशिवाय दिसत नाही. आवरण थोडंसंच सोललेलं, गाभा मागे दुमडून आवरणावर टेकवलेला, त्यावर टर्मिनल दाबलेलं. पकडीने कसंबसं चेपलं असतं तर गाभा कापला गेला असता. बुटात सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात आहे, म्हणजे पुढच्या वेळी बूट आधी थोडा फिरवला की वायरीला न ओढता निघेल. हेडरकडच्या दोन प्लगांना काटकोनी बूट, बाकीच्यांना सरळ.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. वायरींवर नंबर नाहीत. वायरींची लांबी अशी कापली आहे की एकची वायर चारच्या प्लगपर्यंत पोचत नाही, त्यामुळे ढोबळ चूक टळते. पण दोन आणि तीन जवळपास सारख्या लांबीच्या आहेत. पाटस रोडवर रात्री दुसऱ्याच कुणाला टोपी उघडावी लागली, तर त्या दोन वायरींची अदलाबदल सहज होईल. दोन्ही टोकांना नंबराच्या रिंगा घालायला हव्यात.