व्हिडिओ गेममधील लढती आणि नवख्यांसाठीचे संकेत : ‘पोकेमॉन’ मालिकेच्या संदर्भात

नवख्या खेळाडूंच्या सोयीसाठी पडद्यावर दिले जाणारे संकेत लढतीतील आव्हानच हिरावून घेतात, ही व्हिडिओ गेमविषयीची एक जुनी तक्रार आहे. प्रस्तुत लेखात या तक्रारीची चिकित्सा जपानमधील ‘पोकेमॉन’ मालिकेच्या, विशेषतः २०१६ साली आलेल्या ‘सन’ व ‘मून’ या खेळांच्या आधारे केली आहे.

या मालिकेतील लढतीचा पाया म्हणजे प्रकारांचे कोष्टक. १९९६ च्या पहिल्या खेळांत १५ प्रकार होते. १९९९ मध्ये ते १७ आणि २०१३ मध्ये १८ झाले. पाण्याची चाल अग्नीवर दुप्पट परिणाम करते, विजेची चाल जमिनीवर मुळीच चालत नाही. अशा ३२४ जोड्या होतात. प्रतिस्पर्धी दोन प्रकारांचा असेल तर परिणाम चौपट किंवा पावपटही होतो. पूर्वी खेळाडूने चाल निवडावी, घाव बसावा आणि तो प्रभावी ठरला की नाही हे पडद्याने नंतर सांगावे, असा क्रम होता. ‘सन’ व ‘मून’ने हा क्रम उलटा केला. ज्या जातीशी पूर्वी गाठ पडली आहे, तिच्याविरुद्ध कोणती चाल किती प्रभावी ठरेल हे निवडीपूर्वीच दिसू लागले.

यात काहीच गमावले नाही, असे म्हणता येणार नाही. चुकीची चाल खेळून एक पाळी वाया घालवणे हे त्या शिक्षणाचे शुल्क होते, आणि शुल्क भरून मिळालेले ज्ञान सहसा विसरले जात नाही. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मधील सुडोवूडो हे याचे उत्तम उदाहरण होय. दिसायला झाड, प्रत्यक्षात पाषाण. झाड समजून अग्नी सोडणाऱ्याचा घाव निम्माच बसतो. मात्र नव्या संकेतानेही ही फसगत नाहीशी होत नाही, कारण पहिल्या भेटीत तो गप्पच असतो. म्हणजे ज्याला नवख्याची मदत म्हटले जाते, ती नेमकी अनोळखी शत्रूसमोर मिळत नाही. ती वस्तुतः टिपणवही आहे.

वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ मध्ये अध्यापनासंदर्भात ‘परांची’ची कल्पना मांडली. शिकणारा सक्षम होत जाईल तसा आधार कमी होत जावा, हे तिचे मर्म. या निकषावर ‘पोकेमॉन’चा संकेत नापास ठरतो. खेळाडू जितक्या जातींना भेटेल तितका आधार वाढत जातो आणि तो नाकारण्याची सोयही नाही. २००९ च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये एकाच टप्प्यात आठ वेळा प्राण गमावल्यावर मदतीचा ठोकळा प्रकट होतो, त्याला हात लावायचा की नाही, हे खेळाडू ठरवतो. ही रचना अधिक सुजाण आहे.

तरीही लढत सोपी झाली ती संकेतामुळेच, हा आरोप टिकत नाही. ‘सन’ व ‘मून’मधील लुरँटिस हा मुख्य प्रतिस्पर्धी केवळ वनस्पती प्रकारचा आहे, अग्नीची चाल प्रभावी हे कोणीही सांगेल. परंतु आरंभीच त्याची गुणवृद्धी होते, तो कॅस्टफॉर्मला मदतीस बोलावू शकतो, कॅस्टफॉर्म ऊन पाडतो आणि त्या उन्हात लुरँटिसला आपली ‘सोलर ब्लेड’ ही चाल तयारीची पाळी न घालवता खेळता येते. त्याच उन्हाने खेळाडूच्या अग्निचालींचेही बळ वाढते. आधी कोणाला पाडावे, ऊन टिकू द्यावे की नाही, हे प्रश्न संकेत सोडवीत नाही. २०१७ च्या ‘अल्ट्रा सन’ व ‘अल्ट्रा मून’मधील अल्ट्रा नेक्रोझ्मासमोर तर दुबळी बाजू ठाऊक असूनही पहिला घाव सोसणे कठीण जाते. याउलट, ज्या लढतीत कोष्टकापलीकडे काहीच नाही, तिथे संकेत आल्याबरोबर बाकी शून्य उरते. दोष संकेताचा कमी आणि त्या लढतीचा अधिक.

सुलभतेचे खरे मूळ अन्यत्र शोधावे लागते. लढतीत न उतरलेल्या सहकाऱ्यांनाही अनुभव-गुण देणारे ‘एक्स्प. शेअर’ २०१३ मध्ये नव्या रूपात आले, तेव्हा ते बंद ठेवता येत असे. २०१९ च्या ‘सोर्ड’ व ‘शील्ड’मध्ये ते कायमचे चालू झाले. परिणामी खेळाडूचा चमू न झगडताच वरचढ ठरू लागला, आणि वरचढ चमूला निष्प्रभ चालही पुरते. तक्रार करणाऱ्यांचे लक्ष पडद्यावरील अक्षरांकडे गेले, या अदृश्य आकडेमोडीकडे कमी, हे स्वाभाविक असले तरी टीकेच्या दृष्टीने उणे आहे.

शिवाय संकेत ही २०१६ ची नवलाई नव्हे. शत्रूचा एक प्राणी पडल्यावर पुढचा कोणता येणार हे सांगून खेळाडूला बदलाची संधी देण्याची पद्धत पहिल्या खेळांपासूनच आहे, आणि जाणते खेळाडू ‘सेट’ हा पर्याय निवडून ती स्वेच्छेने नाकारीत आले. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’मध्ये तो पर्यायच काढून टाकण्यात आला.