साखरेचा फलक: जमा आणि उणे

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना 'शुगर बोर्ड' लावण्यास सांगितले. नेहमीच्या खाद्यपेयांत साखर किती, दिवसाला किती चालते, जास्त झाली तर काय होते आणि तिच्याऐवजी काय घ्यावे, हे त्यावर लिहायचे. मुलांमधील वाढता लठ्ठपणा आणि मधुमेह ही त्यामागची काळजी. विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून हा फलक कितपत उतरतो, ते पाहू.

आधी जमेची बाजू. वेष्टणावरचे '१०० मिलिलिटरमध्ये १०.४ ग्रॅम' मुलांना काही सांगत नाही. चार ग्रॅमचा चमचा धरून '२५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेसहा चमचे' म्हटले, की चौथीतला मुलगाही दचकतो. गोड पेयांवरचा रोखही योग्यच आहे. नेदरलँड्समधील ६४१ मुलांवरचा दीड वर्षाचा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज २५० मिलिलिटर साखरेचे पेय दिले, बाकीच्यांना तसेच पण बिनसाखरेचे. आपल्याला कोणते मिळते, हे मुलांना सांगितले नव्हते. पहिल्या गटाचे वजन सरासरी ७.३७ किलो वाढले, दुसऱ्याचे ६.३५. रोजच्या १०४ किलोकॅलरींच्या पेयाने एवढा फरक पडला.

आता उणिवा. पहिली आकड्यांची. परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षांची मुले १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांची १५ टक्के ऊर्जा साखरेतून घेतात. मर्यादा ५ टक्के. परंतु जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची ठाम शिफारस १० टक्क्यांच्या आत राहण्याची आहे. ५ टक्के ही पुढची, सशर्त पायरी. फलकावर दोन्ही हव्यात. १६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलाला १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम. हे गणित वर्गातच करून घ्यावे.

दुसरी उणीव तेलाची. वेफर्समध्ये साखर नाममात्र, म्हणून ते या फलकातून निसटतात. मात्र ग्रॅमभर तेलात ९ किलोकॅलरी असतात, साखरेत ४. जुलै २०२५ मध्ये मंडळाने तेलाच्या फलकाचीही सूचना देऊन ही उणीव काहीशी भरून काढली.

तिसरी उणीव आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. लठ्ठपणाचे नाव काढताच हा फलक वर्गातल्या दोन-तीन जाड मुलांसाठी आहे, असा समज होतो. त्यांची चेष्टा होते आणि काटकुळी मुले निर्धास्त राहतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना आढळले, की पुणे परिसरातील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा हलकी असतात, त्यांचे स्नायू कमी असतात, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे वजनकाट्यावर बारीक दिसणारे मूलही मधुमेहाच्या धोक्याबाहेर नाही. 'हा फलक सर्वांसाठी आहे' ही ओळ सर्वांत वर हवी.

शेवटचा मुद्दा फलकाबाहेरचा. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. फलकाखालीच उपाहारगृहात शीतपेय मिळत असेल, तर मुले फलकाऐवजी उपाहारगृहाकडूनच शिकतील. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळेचेही तसेच. फलक जरूर लावावा. पण आधी त्यातला मजकूर शाळेलाच लागू करून पाहावा.