प्रभात फिल्म कंपनीच्या इतिहासाची साधने

प्रभात फिल्म कंपनीचा इतिहास आजवर बहुधा तेथील मंडळींच्या आठवणींवरून लिहिला गेला आहे. आठवण हे साधन खरे. परंतु बखरीप्रमाणे तिचीही छाननी अस्सल पुराव्यावरून झाली पाहिजे. ही कंपनी दि. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ त पुण्यास आली व १९५३ त बंद पडली.

तिचे मूळ बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहे. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे तेथेच तयार झाले. त्या कंपनीचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट आज उपलब्ध नाही. तरी त्याविषयी टीकाकार निःशंक निर्णय देतात. लुप्त ग्रंथाचे गुणदोष ऐकीव माहितीवरून ठरविण्यासारखाच हा प्रकार होय. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. एकाच पाठावरून दोहोंचे मूल्यमापन करणे शास्त्रशुद्ध नव्हे.

नायट्रेटची फीत ताडपत्राहून अल्पायुषी. दि. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील आगीत अशा फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. यामुळे कागदी अवशेषांचे मोल वाढले आहे. रत्नागिरीकडील संग्राहकांनी जुने रुमाल सोडताना गीतपुस्तिका वा जाहिरातपत्रके आढळल्यास ती क्षुल्लक समजून टाकू नयेत. छापखाना, तारीख व प्राप्तिस्थान यांची नोंद करून ती जपावीत. तिथपर्यंत या इतिहासातील पुष्कळशी स्तुती साधार म्हणता येणार नाही.