अंतू बर्वा : प्रादेशिक स्वभावाच्या कल्पनेचा पुनर्विचार

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील अंतू बर्वा हा रत्नागिरीच्या स्वभावाचा अर्क होय, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. तिरकस बोलणे हा जणू नारळीपोफळीप्रमाणे त्या मातीचाच गुण! हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

अंतूशेटचा विखार नेमका कोठे प्रकटतो? गावात वीज येते तेव्हा. उजेडात घरातले दैन्यच अधिक दिसणार, ही त्याची धारणा. येथे बोलतो तो प्रदेशाचा स्वभाव नव्हे. ज्याचा मुलगा मुंबईला गेला आणि जो स्वतः मागे उरला, असा म्हातारा बोलतो. मनिऑर्डरींवर तगलेल्या कोकणात असे म्हातारे घरोघर होते. शिवाय ऐकणारा निवेदक बाहेरून आलेला आहे. त्याच्यापुढे गरिबी उघडी न करता ती थट्टेत गुंडाळणे, ही स्वाभिमान राखण्याची रीत ठरते. (वर्गात हे व्यक्तिचित्र शिकविताना कोकणातील विद्यार्थी इतरांच्या आधी हसतात आणि इतरांच्या आधी गप्पही होतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.)

मर्यादा आहे ती वेगळीच. हे गाव मुख्यतः एका आळीचे आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, कलमांच्या बागांबरोबर जमिनींचेही सौदे वाढले. तरी रत्नागिरी म्हटले की आपण त्या आळीचाच आवाज ऐकतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा आवाज या चित्रात नाही, आणि त्याची उणीव आपल्या समीक्षेला फारशी जाणवलेलीही नाही.