चौकटीबाहेरची म्हैस

आपल्याकडे पक्ष्यांची छायाचित्रे आता उदंड झाली आहेत. दिनदर्शिकांवर, प्रदर्शनांच्या भिंतींवर, इतकेच नव्हे तर दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरही रोहित, चक्रवाक आणि खंड्या विराजमान झालेले दिसतात. या चित्रांतील सफाई वाखाणण्याजोगी आहे. पिसान्‌पीस मोजून घ्यावे इतकी ती स्पष्ट असतात. तरीही ती ओळीने पाहत गेले म्हणजे मन हळूहळू कोरडे पडते. असे का व्हावे? माझे उत्तर थोडक्यात असे की, या चित्रांतून म्हैस हद्दपार झाली आहे.

हे मी विनोदाने म्हणत नाही. हिवाळ्यात सकाळच्या वेळी भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याकाठी जो गेला असेल त्याला ते पटावे. भीमेवरील या धरणात १९८० साली पाणी अडले. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो. त्या गाळपेरीच्या जमिनीत शेतकरी पेरणी करतात, उरलेल्या दलदलीत म्हशी उतरतात. याच पट्ट्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब चरतात, शेकाटे चिखल टोचतात, नांगरामागून परीट शेपटी हलवीत धावतो. गायबगळा तर म्हशीच्या तोंडापाशीच घुटमळतो. कारण तिच्या पावलांनी गवतातले किडे उडतात आणि त्याचे थोड्या श्रमात पोट भरते. तिच्या पाठीवर बसलेल्या कोतवालाचा हिशेबही तोच. येथील पक्षी हा शेतीचा पाहुणा नव्हे, भागीदार आहे. धरण, गाळ, पेर, म्हैस आणि पक्षी ही सारी मिळून एकच गोष्ट आहे, आणि तिच्या तळाशी पाण्याखाली गेलेली गावे आहेत. परंतु त्या काठावरून जी चित्रे आपल्यापर्यंत येतात त्यांत एकटा पक्षी असतो आणि त्याच्यामागे हिरवट-तपकिरी धूसरता. जणू तो पृथ्वीवर कोठे उभाच नव्हता!

याचा दोष काही अंशी भिंगाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. दूरचा पक्षी जवळ आणणाऱ्या भिंगाची दृष्टी अरुंद असते. त्यात नेमके एकच अंतर स्पष्ट येते, मागचेपुढचे सारे विरघळून जाते. पण भिंगाची ही मर्यादा कालांतराने अभिरुची बनली, आणि पुढे त्या अभिरुचीचा नियम झाला. ब्रिटन व अमेरिका येथील दोन प्रमुख छायाचित्र-संस्था आणि फियाप हा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून निसर्गचित्राची एक व्याख्या केली. ती २०१५ पासून स्पर्धांना लागू झाली. तिच्यात पाळीव प्राण्यांची चित्रे अग्राह्य ठरविली गेली. माणसाच्या खुणांना मात्र अपवाद ठेवला, आणि उदाहरण म्हणून माणसाच्या वस्तीत रुळलेले गव्हाणी घुबड आणि करकोचे यांची नावे घेतली. मोठी मौजेची गोष्ट आहे ही. ‘गव्हाणी’ या नावातच गुरांची गव्हाण आहे. ‘गायबगळा’ म्हणताना आपण गाईचे नाव आधी घेतो. आपल्या भाषेने ज्यांची गाठ घालून ठेवली, त्यांना कॅमेरा सोडवून वेगळे करीत आहे.

या कलेचा आरंभ मात्र असा नव्हता. यॉर्कशायरच्या शेतकरी घरातील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे आणि त्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले. १८९५ साली त्यांचे घरट्यांवरचे पुस्तक सर्वस्वी छायाचित्रांनी सजून बाहेर पडले. पक्ष्यांजवळ जावे कसे, या प्रश्नाला त्यांनी पुढे जे उत्तर शोधले ते मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढविले आणि कॅमेऱ्यासह त्या पोकळ बैलात शिरून बसले. माणसाला भिणारा पक्षी बैलाला भीत नाही, हे त्या शेतकऱ्यांच्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही. पक्ष्याचे चित्र त्यांना मिळाले ते बैलावरच्या त्याच्या विश्वासामुळे. मात्र तो विश्वास काही चित्रात उतरला नाही; बैल चित्राच्या अलीकडेच राहिला.

यावर कोणी म्हणेल की काळी म्हैस आणि पांढरा बगळा एका चित्रात घेणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे. खरे आहे. बगळ्याचा उजेड साधावा तर म्हशीचा नुसता काळा डाग होतो. म्हशीचा साधावा तर बगळ्याची पिसे जळून जातात. पण हिवाळ्याची सकाळ याच कामी येते. तिरपे, मऊ, धुक्यातून गाळून आलेले ऊन या दोन टोकांमधले अंतर कमी करते. दुपारी जे जमत नाही ते त्या तासाभरात जमू शकते. थांबण्याची तयारी मात्र हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गुरे आणि माणसे आली की चित्र कलाकृती न राहता नुसती नोंद होते. याला उत्तर इंग्लंडमधल्याच एका छायाचित्रकाराने देऊन ठेवले आहे. जेम्स रॅव्हिलियस १९७२ पासून सतरा वर्षे उत्तर डेव्हनच्या खेड्यापाड्यांतून हिंडले आणि ७०,००० हून अधिक छायाचित्रे त्यांनी घेतली. काम नोंदीचेच होते. एका स्थानिक कलाकेंद्राने ते सोपविले होते. जुनी, लेप नसलेली भिंगे वापरून, पुष्कळदा उजेडाच्या समोरून, कृष्णधवल चित्रे त्यांनी काढली. १९७८च्या हिमवादळात कोकरू वाचवून नेणाऱ्या शेतकऱ्याचे त्यांचे चित्र पाहावे. त्यात बर्फ हे दृश्य नाही, संकट आहे; आणि म्हणूनच ते दृश्य म्हणूनही सुंदर आहे.

कादंबरी लिहिणाऱ्याला हे फार लवकर कळते. पात्र त्याच्या घरातून, व्यवहारातून, देण्याघेण्यातून उचलून कोऱ्या कागदावर ठेवले की त्याचे वर्णन उरते, आयुष्य उरत नाही. जात ओळखण्यासाठी एकट्या पक्ष्याचे स्पष्ट चित्र हवेच. शास्त्राची ती गरज आहे. पण त्यालाच निसर्ग म्हणण्याची सवय आपल्याला लागली, तर निसर्ग म्हणजे जेथे गुराखी नसतो ते ठिकाण, असे आपली मुले समजू लागतील. मग काठावरची म्हैस त्यांना अडचण वाटेल, आणि थवा उडतानाचे चित्र मिळावे म्हणून चरणाऱ्या रोहितांच्या अंगावर नाव घालण्यात काही वावगे वाटणार नाही. असल्या वागण्याचा उगम मला त्या रिकाम्या पार्श्वभूमीत दिसतो.

म्हणून छायाचित्रकारांकडे आणि संपादकांकडेही माझे मागणे लहानसे आहे. पुढच्या हिवाळ्यात एखादे चित्र असे येऊ द्या, की ज्यात बगळा पाहताना म्हैस दिसेल, आणि म्हैस दिसताच ती कोणाची, असा प्रश्न मनात येईल.