टेलिफोन डिरेक्टरीचा दाखला कुठे तोकडा पडतो

मोठ्या संगणकप्रणालींतील नामसेवा आणि निर्देशिका सेवा समजावताना पाठ्यपुस्तके बहुधा टेलिफोन डिरेक्टरीचा दाखला देतात. नाव द्या, नंबर मिळवा. दाखला सोपा आहे, पण आमच्या मते तो निम्मेच सांगतो.

समजा, भिवंडीतल्या एका कापडव्यापाऱ्याची पावत्या करणारी आज्ञावली आहे. मालाचा हिशेब असलेला डेटाबेस कोणत्या यंत्रावर आहे, हे तिला ठाऊकच नसते. ती ॲप्लिकेशन सर्व्हरला ‘साठा’ एवढे नाव सांगते आणि सर्व्हर त्या डेटाबेसशी जोडणी करून देणारी वस्तूच तिच्या हाती ठेवतो. उद्या यंत्र ठाण्याला हलले तर व्यवस्थापक नोंद बदलतो. आज्ञावलीला हात लावावा लागत नाही. जावा भाषेत हे काम जेएनडीआयमार्फत होते. म्हणजे इथे नुसता नंबर मिळत नाही, फोन जोडण्याची सोयही हाती येते.

नामसेवा आणि निर्देशिका यांना पुस्तके एकाच वाक्यात बसवतात, तेही खटकते. ४२१३०२ म्हटले की भिवंडीचे टपाल कार्यालय सापडते, ही झाली नामसेवा. (संस्कृत कवी आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची १९७२ सालची ही पिनकोड पद्धत वर्गात जरूर वापरावी. पहिल्या तीन अंकांनी छाननीचा विभाग ठरतो, शेवटच्या तिनांनी कार्यालय. नाव पायरीपायरीने उलगडते.) पण ‘ठाणे जिल्ह्यातली, संध्याकाळी उघडी असणारी कार्यालये दाखवा’ हा प्रश्न गुणधर्मांवरून शोधण्याचा आहे. तो निर्देशिकेला विचारायचा. १९९३ साली प्रसिद्ध झालेली एलडॅप ही संकेतप्रणाली अशाच शोधासाठी आहे.

सर्वांत मोठी उणीव डिसेंबर २०२१ मध्ये उघडी पडली. ‘लॉगफोरजे’ हे जावा प्रणालींतील घडामोडींची नोंद ठेवणारे, जगभर वापरले जाणारे साधन. नोंदवायच्या मजकुरात ठरावीक खुणेने एखादे नाव आले, की ते जेएनडीआयमार्फत त्या नावाचा शोध घेई. हल्लेखोराने लॉग-इनच्या चौकटीत स्वतःच्या निर्देशिकेचा पत्ता टाकायचा; सर्व्हर तिथे जाई, मिळेल ती वस्तू घेई आणि तिच्यासोबत आलेली परकी आज्ञावली चालवी. या दोषाला गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. छापील डिरेक्टरी फार तर चुकीचा नंबर देते. तिच्यातून कोणी घरात शिरत नाही. त्याच महिन्यात आलेल्या २.१६.० या आवृत्तीत मजकुरातून नावे शोधण्याची सोय काढून टाकली गेली आणि जेएनडीआय मुळातच बंद ठेवले गेले.